मधला कोरा पट्टा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
नमस्कार.

पक्की बातमी आधी. तुम्हाला आणायला निघालेलं यंदाचं शेवटचं जहाज बारा मार्चच्या सुमारास दक्षिण ध्रुवाकडच्या तुमच्या तळावर पोचेल. बंदर कार्यालयातल्या बाईंनी आज दुपारी फोनवर तसं सांगितलं, आणि मी पुन्हा विचारलं म्हणून जरा वैतागून पुन्हा सांगितलं. त्यानंतर समुद्र गोठेल तो नोव्हेंबरपर्यंत.

आईंना कळवलं. "बरं," म्हणाल्या आणि उठून तुमची खुर्ची खिडकीपाशी नेली. मग परत होती तिथे ठेवली. संध्याकाळी बघते तर पुन्हा खिडकीपाशी. मी म्हटलं, "आई, बाबा यायच्या आधी खुर्चीच दमेल." तर म्हणतात, "दमू दे, बसून तर कंटाळली आहे."

तुमचे चिरंजीव पुलाच्या कामावर परगावी आहेत, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तळावरून महिन्यातून एकदा मिळणाऱ्या तुमच्या फोनची वाट बघतो, आणि फोन आला की आई "बरं आहे" याखेरीज काही बोलत नाहीत. म्हणून ही पत्रं. उपग्रहावरून आठवड्याला एकच पान जातं, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

कार्यालयात माझ्या टेबलासमोर भिंतभर नकाशा आहे. सगळा बर्फाचा समुद्र चौकोनांत कापलेला. कुठल्या चौकोनात कोण पिल्लं वाढवतं, कोण खायला येतं, किती बोटी क्रिल नावाची बारीक कोळंबी पकडतात, हे सगळं आम्ही संगणकाला देतो. मग तो सांगतो, कुठले चौकोन राखीव ठेवले तर समुद्र तगेल. पूर्वेचं क्षेत्र ठरलं, पश्चिमेचंही ठरलं. तुमच्या तळासमोरचा मधला पट्टा मात्र तो दर वेळी सोडून देतो. मी मुळाशी जाऊन पाहिलं. हिवाळ्यात त्या पट्ट्यात कोणी कधी पाहायलाच गेलेलं नाही, म्हणून हिवाळ्याच्या रकान्यात कुणीतरी शून्य भरून ठेवलंय. 'पाहिलं नाही' आणि 'काही नाही', संगणकाला दोन्ही सारखंच. दोन खोल्या बांधायच्या आणि मधलं दारच विसरायचं, असं घर झालंय. साहेब म्हणाले, "दार आहे म्हणतेस ना, मग पुरावा आण."

त्यासाठी आमच्याकडून तुमच्या तळप्रमुखांना एक विनंती गेली आहे. ती तरुण मंडळींसाठी आहे. तुम्ही आपली ट्रंक भरायला घ्या.

तुमची सूनबाई


२७ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

ती विनंती तळप्रमुखांनी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली. एका पानात चार वेळा 'शक्य असल्यास'. म्हटलं, ही भाषा ओळखीची आहे. असं लिहिणारी बाई आमच्या घरी "शक्य असल्यास दार लावून घ्या" म्हणते. कार्यालयाची कसली, विनंती तुझीच.

तुम्हाला हवंय काय ते मला कळलं. कुणीतरी हिवाळाभर इथे राहायचं, गोठलेल्या समुद्रावर भोक पाडून पाण्यातला कान, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र, खाली सोडायचा आणि ऐकत बसायचं. मागे तो एकटाच सोडून दिला होता, तेव्हा बर्फाने चिरडला. भोक रोज बुजतं, रोज फोडावं लागतं. थंडीत बॅटरी मान टाकते, तिला काखेत घेऊन ऊब द्यावी लागते. हसू नकोस, खरंच.

हिवाळ्यात इथे चौघंच राहतात: डॉक्टरीणबाई, स्वैपाकी, वायरलेसवाला आणि जनित्र सांभाळणारा. त्यांची कामं त्यांना पुरे. यंत्राला हात लावू शकेल असा मीच, आणि मी जहाजाने घरी निघालेला.

स्वैपाकी म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही राहिलात तर मला एक ताट जास्त. मला चालेल, तुमच्या घरी चालेल का?"

तेच तुला विचारतो. आईला विचारू नकोस. ती "राहा" म्हणेल आणि चार दिवस घास गिळणार नाही. तू घरात आहेस, तू बघून सांग. काही अडचण असेल तर मी जहाजात चढलोच म्हणून समज. तुझ्या पत्रात तरी अडचण दिसली नाही. खुर्ची सोडून.

आशीर्वाद,
बाबा


५ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

विनंती माझीच. पण ती लिहिताना तुमचं नाव माझ्या मनात नव्हतं, असं म्हणायला गेले तर तुम्ही हसाल, म्हणून म्हणत नाही.

कामाचं सांगते. पट्ट्यातलं शून्य खोडून मी तिथे 'माहिती नाही' असं भरलं. नकाशावर पट्टा पांढरा झाला, कोरा. निदान खोटं तरी बोलत नाही. परिषद ऑक्टोबरमध्ये बसते. सगळ्या सदस्य देशांनी हो म्हटलं तरच क्षेत्र राखीव होतं, एकाने नकाराची मान हलवली की संपलं. कोऱ्या पट्ट्यासाठी कोणी हो म्हणणार नाही. यंदा राहिला तर बोटी तिथेच दाटी करणार, कारण दोन्ही बाजू बंद झालेल्या असतील. म्हणजे आमच्याच कामामुळे त्या पट्ट्याची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट.

आई मजेत. तुमची पत्रं हल्ली माझ्याकडून वाचून घेतात. म्हणतात, तुझ्या आवाजात त्यांचे टोमणे बरे वाटतात. काल माझ्या कपात चहा ओतला तो अर्धा बशीत. मी म्हटलं, "आई, मी मांजर आहे का?" तर म्हणाल्या, "दूध घातलंय, तक्रार करू नकोस." तुमचा बर्फातला फोटो कपाटावर ठेवलाय. येता-जाता मान वाकडी करून त्याच्याकडे बघतात, जणू फोटोच्या मागे अजून कोणी उभं आहे.

घरी सगळं ठीक आहे.

तुमची सूनबाई


११ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

जहाज दिसतंय. सकाळपासून क्षितिजावर काळा ठिपका होता, आता त्याला धुराडं फुटलंय. वायरलेसवाल्याचं कप्तानाशी बोलणं झालं. उद्या माल उतरवतील, परवा निघतील. थांबायला त्यांना सवड नाही, पाण्यावर साय धरायला लागली आहे.

त्या जहाजातून माझी ट्रंक येईल. मी येणार नाही.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. घरी सगळं ठीक आहे, असं तू लिहिलंस, मग माझ्याकडे सबब उरली नाही. खरं सांगू, थोडी शोधत होतो. इतकी वर्षं या पाण्यात यंत्रं सोडली आणि उन्हाळा संपला की गुंडाळून घरी आलो. दुकान बंद झाल्यावर आत काय चालतं, ते कधी पाहिलं नाही. आता हे वय, पुन्हा कोणी बोलावणार नाही.

तिला तू सांग. सांगायला मीच हवा, ते कळतं. पण आम्ही दोघं जे काय बोललो ते समोरासमोर, ती भाजी निवडत असताना, मी काहीतरी दुरुस्त करत असताना. तिला पत्र लिहायला बसलो की 'प्रिय' लिहू की काय लिहू, इथेच गाडी अडते. ट्रंकेत तिचा तो राखाडी मफलर आहे, मी चुकून आणलेला. चुकून नव्हे. तो परत पाठवतोय, तिला थंडी वाजत असेल.

बाबा


२ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार.

ट्रंक पोचली. हमालाने ती दारात ठेवली आणि विचारलं, "बरोबरचे साहेब?" आई म्हणाल्या, "साहेब मागून येताहेत." त्यांना मी आधीच सांगितलं होतं, तरीसुद्धा.

सांगितलं तेव्हा त्या कपडे वाळत घालत होत्या. हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, कडा जुळवल्या. मग म्हणाल्या, "काम झालं की येतील. अर्धं टाकून आलेला माणूस घरात नुसता फेऱ्या मारतो." जेवल्या. तुम्हाला भीती होती तसं झालं नाही. मात्र खुर्ची आता खिडकीपाशीच आहे, तिला कोणी हलवत नाही.

ट्रंक त्यांनी स्वतः रिकामी केली, मला हात लावू दिला नाही. एकेक स्वेटर हातात घ्यायचा, बाह्या चाचपायच्या, उसवलेलं कुठे ते बोटाने शोधायचं. मफलर सापडल्यावर तो नाकाशी धरला. मग म्हणाल्या, "तेलाचा वास येतोय. धुवायचा नाही हं." तो गळ्यात घालून घरभर हिंडतात. इथे अजून पंखा लागतो, बाबा.

तुम्ही आता बर्फात आहात आणि मी दर सोमवारी नकाशासमोर उभी राहून त्या कोऱ्या पट्ट्यात एक टाचणी बघते. ती मीच टोचली आहे. कार्यालयात सगळ्यांना वाटतं ते यंत्राचं ठिकाण आहे.

तुमची सूनबाई


८ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

सूर्य गेला तो गेलाच. दुपारी उत्तरेला थोडं फटफटतं, त्याला आम्ही दिवस म्हणतो. मी एकाच्या जागी दोन भोकं पाडली आहेत, एक तळाच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. दोन कान असले तर आवाज कुठून कुठे निघालाय तेही कळतं. आतापर्यंत सीलच्या शिट्ट्या आणि बर्फाचं कण्हणं. बाकी शांत.

ऐकण्याच्या कामात हात रिकामे असतात, म्हणून तुझी जुनी पत्रं काढून वाचतो. त्यात एक गोष्ट लक्षात आली. आई काय करते, ते तू भरपूर लिहितेस. पण ती वर्तमानपत्र वाचतेय, सुईत दोरा ओवतेय, असं एकदाही नाही. पत्रं तू वाचून दाखवतेस. चहा बशीत जातो. फोटोकडे मान वाकडी करून बघते. स्वेटर उसवलेला कुठे ते बोटाने शोधते.

कोरा चौकोन म्हणजे शून्य नव्हे, हे तूच मला शिकवलंस. तू लिहिलं नाहीस, आणि मी तिथे 'काही नाही' असं भरून मोकळा झालो.

तिच्या डोळ्यांना काय झालंय?

बाबा


१५ जून

बाबा,

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातोय. डाव्या डोळ्याचा गेलाच, उजव्याचा चाललाय. कडेचं दिसतं आणि दिसत राहील, त्यामुळे चालता येतं, घरात वावरता येतं. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. डॉक्टरांकडे गेलो ते तीन मार्चला. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन देतात, त्याने वेग कमी होईल म्हणाले. चेहरे कधीपर्यंत ओळखू येतील, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षीचं धरून चालू नका.

तीन मार्च. मी तुम्हाला 'घरी सगळं ठीक आहे' लिहिलं ते पाच मार्चला.

दवाखान्यातून येताना रिक्षात आईंनी मला शपथ घातली. म्हणाल्या, "त्यांना कळलं तर ते धावत येतील. आणि मग त्या खुर्चीत बसून जन्मभर समुद्राकडे बघतील. तोंड माझ्याकडे असेल आणि नजर समुद्राकडे. मला ते दिसणार नाही, पण कळेल."

मी शपथ पाळली. पण शपथेवर सगळं ढकलत नाही. ती शपथ मला सोयीची होती. मला तो पट्टा हवा होता. मी आईंना रोज समोर बघत होते आणि रात्री नकाशा माझ्या डोळ्यांसमोर यायचा.

तुम्ही रागावला असाल. रागवा. पण लिहा.

सूनबाई


२७ जुलै

चि. सूनबाईस,

उत्तराला उशीर झाला. मध्ये वादळ होतं, पण ते कारण नाही.

काही दिवस मी नुसतं भोक फोडत होतो. स्वैपाकी जेवायला बोलवायला आला आणि बघत उभा राहिला. म्हणाला, "मिस्त्री, समुद्रावर राग काढू नका. भोक एवढं झालंय की आता तुम्हीच आत पडाल." डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी तू लिहिलंस तेच सांगितलं, फक्त जास्त हळू आवाजात. इथून निघायचा मार्ग नाही. विमानाला इथे उतरायला जागा नाही.

आता दुसरं सांगतो. वीस जुलैला पूर्वेच्या भोकात बदक ओरडलं. मी यंत्र उघडून पाहिलं, तारा तपासल्या, बॅटरी बदलली. पुन्हा तेच. पाण्याखालून कुणीतरी ओळीने, तालात, क्वाक क्वाक करतंय. वायरलेसवाल्याला बोलावलं, म्हटलं तुझं एखादं स्टेशन घुसलंय का बघ. त्याने कानाला लावलं आणि बाहेरच काढेना. लहान जातीचे देवमासे आहेत ते. बर्फाखालून, फटीफटीतून श्वास घेत चाललेत. काही वेळाने तोच आवाज पश्चिमेच्या भोकात आला. मग आणखी एक कळप. दोन दिवस हीच मिरवणूक. पूर्वेकडून पश्चिमेकडे, तुझ्या कोऱ्या पट्ट्यातून, भर हिवाळ्यात. दार आहे, सूनबाई. चांगलं वाहतं दार आहे.

सगळ्या नोंदी पाठवल्या आहेत.

रागाबद्दल एवढंच. तू मार्चमध्ये सांगितलं असतंस तर मी आलो असतो, आणि हे कोणी ऐकलं नसतं. तू सांगितलं नाहीस, आणि तिला मी दिसायचा राहिलो. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त खरं, ते मला ठरवता येत नाही. तुला येत असेल तर मला सांगू नकोस.

तिच्याजवळ बस जरा. काही करू नकोस, नुसती बस. ती भाजी निवडेल तेव्हा समोर काहीतरी दुरुस्त करत बस.

बाबा


२९ ऑक्टोबर

ती. बाबांना नमस्कार.

परिषद काल संपली. पट्टा मंजूर झाला, पण रुंदीने निम्मा. तुमच्या दोन्ही भोकांमधला भाग त्यात आहे. उरलेल्यासाठी एक देश अडून बसला. त्यांचे प्रतिनिधी म्हणाले, "उरलेल्या भागात तुम्ही काही ऐकलेलं नाही." मी म्हटलं, "तिथे आमचा कान नव्हता." ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी कान घेऊन या." साहेब म्हणतात, निम्मं म्हणजे पुष्कळ. पुढच्या हंगामापासून बोटी तिथे जाणार नाहीत. दोन खोल्यांना दार झालं, जरा अरुंद.

तुम्ही पाठवलेला आवाज मी सभेत ऐकवला. सगळे कागदपत्रं चाळत होते ते थांबले. एका बाईंना हसू आलं, मग त्या हसायच्या थांबल्या.

तोच आवाज मी आईंना घरी ऐकवला. डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, "यासाठी राहिले होय." मग मला सांगितलं, एक जाड पेन आण, काळं, आणि मोठा कागद.

सप्टेंबरपासून उजव्या डोळ्यानेही चेहरे ओळखू येत नाहीत. हे आता लपवत नाही.

तुम्ही सांगितलंत तसं मी रोज समोर बसते. तुमचा जुना रेडिओ उघडलाय. बिघडला नव्हता तो, आता बिघडलाय. आल्यावर बघा.

तुमची सूनबाई


४ नोव्हेंबर
(जाड काळ्या पेनाने, जहाजातून पाठवलेलं)

अहो,

ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या असतील, सांभाळून घ्या. हे पत्र तुम्हाला आणायला निघालेल्या जहाजातूनच येतंय. म्हणजे तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्ही निघायच्याच तयारीत असाल. उत्तर लिहू नका. तुम्हाला जमतही नाही.

तुम्ही दोघं माझ्यापासून लपवून पत्रं लिहीत होता आणि तीच पत्रं ती मला वाचून दाखवत होती, नको त्या ओळी गाळून. गाळताना तिचा आवाज पडतो. चाळीस वर्षं तुमच्या घरात काढली, एवढं न बघताही कळतं. पोरीला बोलू नका. तिने माझं ऐकलं आणि स्वतःचंही ऐकलं. दोन्ही ऐकणारी माणसं आपल्या घरात पहिल्यापासून कमीच.

मी तुम्हाला बोलावून घेतलं असतं तर तुम्ही आला असता. ते मला नको होतं. पण तुम्ही यावं असं वाटलं नाही, असं समजू नका. खुर्चीवर रोज हात फिरवते. मफलर अजून धुतलेला नाही.

ते बदकांचं आल्यावर मला करून दाखवा. यंत्रातून नको, तोंडाने.

आता नीट वाचा. सूनबाईने बंदर कार्यालयात विचारलं आहे. तुमचं जहाज डिसेंबरच्या मध्यावर धक्क्याला लागेल म्हणतात, त्या बाई आता हिला आवाजावरून ओळखतात. आम्ही दोघी येऊ. मी जहाजाकडे तोंड करून उभी राहणार नाही, शेजारच्या गोदामाकडे बघत असेन. लोक म्हणतील, नवरा आला आणि ही भलतीकडेच बघतेय. म्हणू देत. ज्याच्याकडे बघते तेच जातं, कडेचं राहतं, हे आता मला जमलंय.

तेव्हा तुम्ही समोर येऊ नका. उजव्या बाजूने या, सावकाश, आणि थोडे अलीकडेच थांबा. हाक मारू नका. मी मान वळवली नाही तर रागावू नका. मी तुम्हालाच बघत असेन.